नाव झाकलेली पुस्तकं

सरांच्या घरी पुस्तकाला नाव नसे. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या टेबलावर कवितासंग्रह पडलेले असत आणि प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर असे. आत उघडलं तर कवीच्या नावाचं पान, प्रकाशकाचं पान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, शेवटचा परिचय, सगळं स्टेपलर मारून बंद. उघड्या राहत त्या फक्त कविता.

हे बंद करण्याचं काम माझ्याकडे होतं. सर बॉटनी शिकवत, मी त्याच कॉलेजात इतिहास. महाराष्ट्रातल्या लहान लहान प्रकाशकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नवीन कवितेचं जे छापाल ते पाठवा. मले नाव सांगू नका. आणि पत्ता माझा नाही, मॅडमचा लिहा." त्यामुळे पार्सलं शहराच्या जुन्या भागात, तात्यापाऱ्यात, माझ्या घरी येत. मी ती फोडायची, कव्हरं घालायची, पिना मारायच्या आणि शुक्रवारी पिशवीत घालून सरांकडे न्यायची. माझी धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तू प्रश्नपत्रिका छापून राहिली का?"

गेल्या हिवाळ्यात सर गेले. पार्सलं अजून येतात. प्रकाशकांना कळवायला हवं. अजून कळवलेलं नाही.

सरांची ही पद्धत त्यांच्या विषयातून आली होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलावर फांद्या, पानं, शेंगा मांडून ठेवतात आणि विद्यार्थ्यानं ओळखायचं असतं. त्याला स्पॉटिंग म्हणतात. सर वर्गात सांगत की आधी पान बघा, पानाची कड बघा, शिरा बघा, देठ कुठून फुटतो ते बघा. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी कळलं की माणूस झाड बघणं सोडून देतो. कवितेचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं.

पण दुसरं एक कारण होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले, बौद्ध कुटुंब, राहायला कारखान्यांच्या बीरगांवात. सर कॉलेजात असताना शहरातल्या एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कविता म्हणायला गेले. दारात एका गृहस्थांनी आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर गृहस्थ म्हणाले, "छान, छान. तुमच्या लोकांतही आता लिहितात." कविता अजून ऐकायचीच होती. सरांनी ती म्हटली, टाळ्या पडल्या, आणि घरी आल्यावर त्यांनी कविता लिहिणं सोडलं. "मॅडम," ते मला म्हणाले, "त्या दिवशी माझी कविता कोणी ऐकलीच नाही. सगळ्यांनी आडनाव ऐकलं." हे सांगताना ते हसत होते. मी तात्यापाऱ्यातल्या जुन्या घराण्यातली, भोसल्यांच्या काळात इथे आलेल्यांपैकी. तो गृहस्थ माझ्या ओळखीतला असू शकला असता. मी हसले नाही.

जुना संग्रह त्यांच्या टेबलावर चालत नसे. कोणी विचारलं की म्हणत, "जुन्याले वाचायला अख्खी युनिव्हर्सिटी बसली आहे. आज सकाळी छापून आलेल्या पोट्ट्याले कोण वाचते? मी वाचतो."

रविवारच्या बैठकीला आम्ही तिघंच असायचो. सर, मी आणि दवाईवाले काका. काकांचं औषधांचं दुकान, रविवारी बंद. कवितेपेक्षा ते पोह्यांसाठी येतात असा सरांचा आरोप होता आणि काकांनी तो कधी नाकारला नाही. पोहे आणि चहा सरांची मुलगी आणून देई. सरांची पत्नी मुलगी शाळेत असतानाच गेली होती, आणि तेव्हा घरात ही दोघंच असत.

सर कविता वाचत ती सपाट आवाजात, हात न हलवता, रेल्वेची वेळ सांगावी तशी. आवाज चढवला की भाषण होते, म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, यांना कवितेत रस नाही. मग हळूहळू लक्षात येई की आवाजात काहीच नसल्यामुळे शब्दांना लपायला जागा उरत नाही. पोकळ ओळ लगेच उघडी पडे. आणि चांगली ओळ आली की व्हरांड्यात काहीतरी थांबल्यासारखं होई. काकांचा चमचासुद्धा.

नवं लिहिणाऱ्यांनी काय काय पाहिलं आहे ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मोटारीची दारं जोडण्याच्या कारखान्यात काम करणारा एकजण, जो घरचं दार लावताना आवाज होऊ देत नाही. फोनवर आलेला ओटीपी मुलीकडून वाचून घेणारी आई, आणि ते आकडे सांगताना आपण पहिल्यांदाच आईच्या उपयोगी पडलो असं वाटणारी मुलगी. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई. आपल्या हयातीत, आपल्या भाषेत, आत्ता या घडीला हे कोणीतरी लिहितं आहे, याचं मला दर रविवारी नव्यानं नवल वाटे.

वाचून झालं की सर कवी ओळखत. नाव नाही, माणूस. ती ओटीपीवाली कविता वाचून म्हणाले, "मुलगी हॉस्टेलात राहते. वरच्या मजल्यावर."

"वरच्या मजल्यावर कशावरून?" काका म्हणाले. "तुम्ही काय तिथे वॉर्डन होता?"

"हिच्या पुस्तकात पक्षी खाली दिसून राहिले, काका. बघा ना. कबुतराची पाठ, घारीची पाठ. पोट एकाचंही नाही."

मी पिना काढून परिचय वाचला. हॉस्टेल बरोबर निघालं. मजला परिचयात नव्हता, म्हणून सरांनी फोनवर विचारून घेतलं. तोही बरोबर निघाला.

हा फोन म्हणजे सरांचा ठरलेला शेवट. संग्रह आवडला की त्याच दिवशी ते कवीचा नंबर मिळवून फोन करत आणि सुरुवात ठरलेली, "मी रायपूरहून बोलून राहिलो. तुमचं पुस्तक वाचलं." बरेच जण आधी फोन ठेवून देत. त्यांना वाटे, कर्ज देणारा आहे. एकानं विचारलं, "नागपूर?" "नाही, रायपूर. छत्तीसगड." "तिकडे मराठी कविता कोण वाचतं?" सर म्हणाले, "मी." मग अर्धा तास ते त्या माणसाला त्याच्याच कवितांमधलं काय काय दाखवत राहिले. कुठली ओळ खरी, कुठे तो थकला, कुठे दुसऱ्याचं ऐकून लिहिलं. गोड बोलणं त्यांना येत नसे. पण फोनच्या शेवटी पलीकडचा माणूस बहुतेक वेळा गप्प झालेला असे, आणि एकदा तर रडत होता, ते आम्हाला इकडेही ऐकू आलं.

आता त्यांच्या मुलीबद्दल लिहायला हवं.

इथल्या बहुतेक मराठी घरांत जे होतं तेच सरांच्या घरात होतं. बाप मराठीत बोले, मुलगी हिंदीत उत्तर देई. ती एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. "पापा, चाय रखी है." "ठेव." "आंटी, आप पोहा और लेंगी?" सर कॉलेजात हिंदीत शिकवत, बाजारात छत्तीसगढीत भाव करत, भाजीवालीला "हव दीदी" म्हणत. पण घराच्या उंबऱ्याआत त्यांच्या तोंडून हिंदी शब्द मी ऐकला नव्हता. मुलीच्या हिंदीवर ते काही बोलत नसत. फक्त एकदा, ती आत गेल्यावर, हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाले, "हे कोल्हापूरचं पोट्टं मले समजते, मॅडम. घरचं पोट्टं समजत नाही."

एका दुपारी ती माझ्याकडे आली. रुग्णालयाचा पांढरा कोट हातावर, दुसऱ्या हातात एक पाकीट.

"आंटी, ये भी बाकी किताबों के साथ बाँध दीजिए. संडे के लिए."

मी पाकीट उघडलं. मराठी कवितासंग्रह. विदर्भातल्या एका लहान प्रकाशकाचा. कव्हरवर तिचं नाव.

मी कितीतरी वेळ ते नाव वाचत राहिले. मग म्हणाले, "तू? मराठीत?"

"लिहिते मराठीत," ती म्हणाली. तिच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकत होते. घोगरी, जपून वापरलेली. "बोलता येत नाही मले. त्यांच्यासमोर तर नाहीच येत."

"मग त्यांच्या हातात दे ना सरळ. ते वेडे होतील आनंदानं."

"वही तो!" ती पुन्हा हिंदीत गेली. "मेरा नाम देखेंगे तो बाप बनकर पढ़ेंगे. मुझे बाप नहीं चाहिए आंटी, वो जो संडे को बैठते हैं ना, वो चाहिए."

"आणि त्यांना नाही आवडलं तर?"

"तो आप खोलना मत. कह देना पन्ना फट गया, कुछ भी. मैं फिर नहीं लिखूँगी." तिनं हे अगदी सरळ सांगितलं, पेशंटला व्यायाम सांगावा तसं. "उनसे अच्छा पढ़ने वाला मैंने देखा नहीं. उनको झूठा लगा तो झूठा ही होगा."

ती गेल्यावर मी कव्हर घातलं. पिना मारल्या. रात्री मी ते वाचलं नाही. मला माझं मत नको होतं.

त्या रविवारी सर आमच्या आधीच व्हरांड्यात येऊन बसले होते. पुस्तकं मी शुक्रवारीच पोचवली होती. टेबलावर चार होती, पण त्यांनी हातात एकच धरलं होतं. कोणतं ते मला कव्हरवरच्या जाहिरातीवरून कळलं.

"आज हेच," ते म्हणाले. "बाकीची पुढच्या वेळी."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवताना त्याचा पाय नव्हे, फरशी घाबरते, अशी एक कविता होती. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर कारखान्याची काळी धूळ बसते आणि आजी ते कपडे झटकताना धुळीला नावं ठेवत नाही, कारण त्याच धुळीतून मुलाचा पगार येतो, अशी एक. मराठी होती, पण तिच्यात हिंदी आणि छत्तीसगढी शब्द असे मिसळलेले की उपरे वाटत नव्हते. सर सपाट आवाजात वाचत होते आणि मध्येच, मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांना थांबावं लागलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, हे आपल्या इकडचं आहे."

"इकडचं कोण लिहिते?" काका म्हणाले. "इकडचे पोट्टे पोळीले रोटी म्हणतात."

"तेच तर म्हणून राहिलो. यात रोटीच आहे." सर पुस्तकावर हात ठेवून बसले. "मी पुण्याले शोधलं, कोकणात शोधलं. आणि हा माणूस इथे बसून लिहून राहिला. पंचेचाळिशीचा असेल. मूळचा डोंगरगड, गोंदिया त्या बाजूचा. रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर बिंपाउंडर. शांत माणूस. लग्न उशिरा झालं."

मुलगी चहा ओतत होती. कपात ओतत होती हे नशीब.

"पण," सर म्हणाले, "बापावरच्या कविता खोट्या आहेत."

सरांना थांबवावं असं वाटलं, पण काय म्हणून थांबवणार?

"बाप म्हणे झाडासारखा. सावली देते म्हणे. झाडाचं मले विचारा ना! झाड कोणाले सावली द्यायला उभं नसते. त्याचं त्याले ऊन पाहिजे असते, म्हणून ते पसरते. खाली कोणाले ऊन मिळत नाही, ते झाडाले माहीतही नसते." ते पानं उलटत होते. "बाकी पुस्तकात याचा डोळा किती उघडा आहे. धूळ दिसते, फरशी दिसते. आणि बाप आला की डोळे मिटून हात जोडते. घाबरते हा बापाले. मॅडम, नाव उघडा. मले आत्ताच याच्याशी बोलायचं आहे."

मी मुलीकडे पाहिलं. ती किटली धरून उभी होती. मला वाटलं, ती मान हलवून नाही म्हणेल, आणि मी पान फाटलं म्हणून सांगेन.

"खोल दीजिए आंटी," ती म्हणाली.

मी पिना काढल्या. पान सरांसमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. कव्हर काढून पुन्हा वाचलं.

काकांनी वाकून पाहिलं आणि ओरडलेच, "अरे बाप्पा! घरचीच निघाली! आता सांगा सर, बापावरच्या कविता सुधारल्या की नाही?"

"नाही," सर म्हणाले. "नाव पाहून कविता बदलत नाही, काका."

ते उठले, पुस्तक घेऊन आत गेले आणि दार लोटलं. मुलगी तिथेच उभी. माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांत माणूस पहिल्यांदा हरला आहे, त्याला थोडा वेळ द्यावा. तेवढ्यात मुलीच्या खिशातला फोन वाजला. तिनं पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि उचलला.

आतून आणि फोनमधून, दोन्हीकडून एकच आवाज आला. "मी रायपूरहून बोलून राहिलो. तुमचं पुस्तक वाचलं."

ती खाली बसली, पायरीवर. आम्हाला पुढचं तिच्या बाजूचंच ऐकू आलं. "हो." "हो, ती फरशीची मी दवाखान्यातच लिहिली." "नाही, आजीचा शब्द आहे तो." मग खूप वेळ नुसतं ऐकणं. मग, "त्या काढणार नाही. बदलीन." तिनं मराठीत सांगितलं. सबंध फोनभर ती मराठीत बोलली, अडखळत, एक शब्द सापडेपर्यंत थांबत. आणि आतला माणूस थांबत होता. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि ते हळूच निघून गेले.

फोन संपवून सर बाहेर आले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "काहून घाबरते तू?"

ती पुन्हा हिंदीत आली. "सच लिख दूँगी तो आप सुन नहीं पाओगे, पापा."

"मी ऐकतो," सर म्हणाले. "मले तेवढंच येते."

त्यानंतर वर्षभरानं त्यांचं फुफ्फुसाचं जुनं दुखणं वाढलं. ऑक्सिजनचं यंत्र घरी आणावं लागलं. पुस्तकं आता मी वाचून दाखवत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. अशाच एका संध्याकाळी मुलगी रुग्णालयातून आली, हातपाय धुतले आणि पलंगाशी स्टूल ओढून म्हणाली, "पापा, हो गई." तिच्या हातात एक कागद होता. मी उठायला लागले. सरांनी हातानं खूण केली, बसा.

तिनं वाचलं. वडिलांसारखंच, सपाट आवाजात.

कवितेत एक लहान मुलगी शाळेतून घरी येते. बाप खुर्चीत पुस्तक वाचत असतो. ती म्हणते, पापा, बुखार है. बाप पुस्तकातून वर बघतो आणि काही बोलत नाही. तो थांबतो. तिनं ते मराठीत म्हणावं म्हणून थांबतो. मुलीला तो शब्द माहीत असतो, पण डोकं जड असतं, शब्द सापडत नाही. ती दाराची चौकट धरून उभी राहते. आई असती तर कुठल्याही भाषेत चाललं असतं, असं तिला वाटतं. शेवटी शब्द येतो. ताप. मग बाप उठतो आणि कपाळावर हात ठेवतो. कविता म्हणते, तेव्हापासून ही भाषा माझ्या अंगात येते ती तशीच येते, कढत, आणि तिच्यात मला उभं राहवत नाही. अगदी शेवटची ओळ होती की बापाचा दोष नव्हता, त्याला फक्त भाषा जाण्याची भीती होती.



"परत वाच," सर म्हणाले.

तिनं परत वाचलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावरून मला काहीही कळत नव्हतं. मी कितीतरी कवींबद्दल त्यांचे निवाडे ऐकले होते. पण या वेळी कवितेत खुर्चीवर बसलेला माणूसच तिचा निवाडा करणार होता.

"मले हे आठवत नाही," ते म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "पण झालं आहे. चौकट खरी आहे. चौकट कोणी बनवून नाही लिहू शकत."

मुलगी कागदाची घडी घालायला लागली.

"शेवटची ओळ काढ."

"वो भी सच है, पापा."

"खरी असेल. पण तिथे तू माझी वकिली करून राहिली. त्या पोट्टीले चौकटीत एकटं सोडून तू खुर्चीवाल्याकडे गेली." ते पुन्हा थांबले. बोलणं त्यांना जड जात होतं आणि ते सोडायला तयार नव्हते. "तिच्यापाशीच राहा. माफ करायचं असेल तर मले घरी कर. कवितेत नको."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. स्वतःच्या बाजूची एकमेव ओळ होती ती. तिच्यावाचून कविता चांगली होते हे त्यांना ऐकताक्षणीच दिसलं होतं, आणि दिसलं म्हणून त्यांनी सांगितलं. मी खूप पुस्तकं वाचली आहेत. इतकं प्रामाणिक वाचन मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुलीनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि मांडीवर कागद ठेवून ती ओळ खोडली. या वर्षी तिचा दुसरा संग्रह आला, त्यात ही कविता पहिली आहे आणि चौकटीशीच संपते.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. व्हरांड्यात चपला घालताना आतून तिचा आवाज आला.

"पापा, खिड़की बंद कर दूँ?"

थोडा वेळ काहीच नाही. मग सरांचा आवाज, दमलेला, सावकाश.

"रहने दे बेटा. अच्छी हवा आ रही है."